नर्सिंग ते एमबीबीएस: फी कुठून येते, कधी येते आणि कर्ज नेमकं किती घ्यायचं

आरोग्य क्षेत्रातल्या शिक्षणासाठी महाराष्ट्रात सरकारी मदत बरीच आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे ती मदत कुठल्या जागेवर मिळणार हे प्रवेशाच्या दिवशीच ठरून जातं आणि पालक त्याची चौकशी प्रवेशानंतर करतात. दुसरं, महाविद्यालयाला पैसे जुलै-ऑगस्टमध्ये हवे असतात आणि शिष्यवृत्ती येते ती सावकाश, कधी कधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. हे दोन मुद्दे डोक्यात ठेवून क्रम लावला तर चार वर्षांचं नर्सिंग साधारण शेतकरी किंवा पगारदार घराला झेपतं. नाही लावला तर तेच शिक्षण सात-आठ लाखांचं कर्ज होऊन बसतं.

खाली जे लिहिलंय ते एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी या सगळ्यांना कमी-जास्त फरकाने लागू आहे. उदाहरणं मात्र नर्सिंगची जास्त घेतली आहेत, कारण बँकेत आणि कॉलेजच्या खिडकीवर सगळ्यात जास्त फसगत या मुलींची होते.

पहिली पायरी: जागा कोणती, ते आधी बघा

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून होतोय का? राज्याच्या शुल्कविषयक योजनांपैकी बहुतेक योजना फक्त कॅपच्या जागेवर मिळतात. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरीय प्रवेश, खासगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांना त्या लागू होत नाहीत. म्हणजे एकाच शहरात, एकाच अभ्यासक्रमाला, एकाच प्रवर्गातल्या दोन मैत्रिणी. एकीची शिक्षण फी शून्य आणि दुसरीला पूर्ण, असं होऊ शकतं. कारण एवढंच, की दुसरीने तिसऱ्या फेरीची वाट न पाहता एजंटच्या सांगण्यावरून थेट जागा घेतली.

एजंटचं एक ठरलेलं वाक्य असतं: “आत्ता घ्या, स्कॉलरशिप आपण नंतर बसवून देऊ.” नंतर काही बसत नाही. राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरताना कॅपचा अर्ज क्रमांक मागतात, आणि तो नसेल तर गाडी तिथेच थांबते.

मग मान्यता तपासा. नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि भारतीय परिचर्या परिषद, फार्मसीला भारतीय औषधनिर्माण परिषद, एमबीबीएसला राष्ट्रीय वैद्यक आयोग, आयुर्वेदाला भारतीय वैद्यक पद्धतीचा राष्ट्रीय आयोग, होमिओपॅथीला त्यांचा स्वतंत्र आयोग. पदवी असेल तर महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का ते विद्यापीठाच्या यादीत बघा. फार्मसीची महाविद्यालयं मात्र बहुतेक त्या त्या भागातल्या विद्यापीठांकडे असतात. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या पदवीखालच्या अभ्यासक्रमांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. एसटी स्टँडसमोर ‘नर्सिंग व पेशंट केअर, सहा महिन्यांत नोकरी’ असा फलक लावणाऱ्या वर्गांचं नाव यातल्या कुठल्याच यादीत सापडत नाही. त्यांच्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही आणि बँकही दारात उभं करत नाही. घरात आजारी माणसाची देखभाल करण्याचं काम त्यावर मिळेल, पण ते नर्सिंगचं शिक्षण नव्हे.

तिसरी गोष्ट फीची. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती महाविद्यालयनिहाय त्यांच्या संकेतस्थळावर असते. पसंतीक्रम भरायच्या आधीच या यादीतून तुमच्या चार-पाच महाविद्यालयांची फी उतरवून घ्या. दोन जवळजवळ सारख्या कॉलेजांच्या फीत चाळीस-पन्नास हजारांचा फरक सहज निघतो. मंजूर फीच्या वर ‘डोनेशन’, ‘बिल्डिंग फंड’ किंवा पावती न देता काही मागितलं, तर ते १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे याविरुद्ध तक्रार करायला लोक कचरतात, ते समजू शकतं. निदान पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

दुसरी पायरी: कागद, आणि ते मे महिन्यातच

निकाल लागल्यावर सेतू केंद्राबाहेर जी रांग लागते, तिच्यात उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. लागणारे कागद असे: अधिवास (डोमिसाईल), तहसीलदाराचं उत्पन्न प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), भटके-विमुक्त असाल तर नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) असाल तर त्याचं प्रमाणपत्र, शिधापत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र.

यात खरा वेळ खाणारा कागद एकच, जात वैधता. बारावी विज्ञानला असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव गेला पाहिजे. वडिलांचा, काकांचा, आत्याचा आधीच वैधता दाखला निघालेला असेल तर त्याची प्रत जोडा, काम फार लवकर होतं. नसेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्याला महिने लागतात.

उत्पन्नाच्या दाखल्यात नोकरदार आई-वडील दोघांचंही उत्पन्न धरतात. शेती असेल तर तलाठ्याचा अहवाल लागतो. दाखल्यावर वैधता कोणत्या ३१ मार्चपर्यंत आहे ते वाचा. गेल्या वर्षीचा दाखला जोडला म्हणून परत आलेले अर्ज ही दर हंगामातली नित्याची गोष्ट आहे. दोन-तीन स्कॅन करून ठेवा, आणि सेतूवाल्याच्या मोबाइलवर नव्हे, स्वतःच्या ईमेलवर.

आता बँक खातं. महाडीबीटीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यावर जातात. एका आधारला अशी एकच बँक जोडलेली असते आणि सगळ्यात शेवटी जी जोडली गेली, तिच्यात पैसे पडतात. मुलीने अकरावीत राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडलं, मग कधीतरी मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं. शिष्यवृत्ती त्या दुसऱ्या खात्यात जाऊन बसते आणि ही मुलगी पहिल्या बँकेत पासबुक भरत राहते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं. ते अर्ज भरण्याआधी बघा, आणि चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या. खातं मुलाच्या किंवा मुलीच्याच नावाचं पाहिजे.

तिसरी पायरी: शिक्षण फी कोण भरणार

महाडीबीटी पोर्टलवर योजना विभागवार मांडलेल्या आहेत, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. आपल्या प्रवर्गाप्रमाणे कुठे बघायचं ते सांगतो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर निर्वाह भत्ता. अडीच लाखांच्या वर असाल तर निर्वाह भत्ता नाही, पण ‘फ्रीशिप’ आहे, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो आणि त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने स्वतः महाविद्यालयात भरायची असते. इथे घरोघर घोळ होतो. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते, घरात बियाणं-खताची निकड असते, पैसे खर्च होतात आणि परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी महाविद्यालय थकबाकी दाखवतं. ते पैसे कॉलेजचे आहेत असं समजून त्याच आठवड्यात भरा आणि पावती घ्या.

अनुसूचित जमाती: आदिवासी विकास विभागाच्या याच धर्तीवरच्या योजना, उत्पन्नमर्यादेची विभागणीही तशीच.

भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्ग: शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण. ओबीसी मुलगे: निम्मं. खुल्या प्रवर्गातले मुलगे: वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ‘ईबीसी’च म्हणतात. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात तीही साधारण निम्म्या शिक्षण शुल्काची. ईबीसी कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते, आणि अभ्यासक्रमाच्या मध्येच खंड पडला तर अडचण येते.

मुली: ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय छापून फाइलला लावून ठेवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ, २०२४-२५ पासून. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रम यात आहेत. अट तीच, प्रवेश कॅपमधून. अनाथ मुलामुलींनाही हा लाभ आहे.

‘मुलींना शिक्षण मोफत’ हे वाक्य ऐकून मात्र हुरळून जाऊ नका. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, जर्नल, क्लिनिकल पोस्टिंगला जायचा बसचा खर्च, यातलं काही माफ होत नाही. आकडे मांडून बघू. समजा जालना जिल्ह्यातली ओबीसी मुलगी छत्रपती संभाजीनगरला खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगला आहे. शिक्षण शुल्क ९० हजार, परीक्षा ४ हजार, विकास शुल्क ९ हजार, वसतिगृह ३५ हजार, मेस ३६ हजार, बाकी किरकोळ १५ हजार. एकूण १ लाख ८९ हजार. शासनाने ९४ हजार उचलले. घराकडे राहिले ९५ हजार. ही उरलेली रक्कम कमी करण्यासाठी पुढची पायरी आहे, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

अर्ज कसा भरायचा यावर फार लिहीत नाही. प्रोफाइल, पत्ता, पात्रता, अभ्यासक्रम, वसतिगृह या क्रमाने पडदे येतात. फक्त एवढं बघा: अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांकडे, तिथून विभागाकडे. लिपिकाच्या टेबलावर अर्ज महिनाभर पडून राहणं ही सगळ्यात सामान्य अडचण. आठवड्याला एकदा पोर्टलवर स्थिती बघा आणि लिपिकाला गोड बोलून आठवण करा. अर्ज त्रुटीसाठी परत आला, ज्याला कॉलेजात ‘सेंड बॅक’ म्हणतात, तर दुरुस्तीची मुदत थोडी असते. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतःहून करायचा असतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे आपोआप चालू राहते, असं नाही.

चौथी पायरी: राहणं आणि जेवण

आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि आता इतर मागास बहुजन कल्याण विभागाचीही वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर ती न मिळणं हीच पुढच्या योजनेची पात्रता ठरते.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी वर ५ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना; तिचे दरही साधारण असेच, पण जिल्ह्यागणिक विद्यार्थिसंख्येची मर्यादा असल्याने गुणांवर निवड होते. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ती ईबीसीच्या जोडीने घेता येते.

वरच्या उदाहरणातल्या मुलीला आधार योजनेचे ५१ हजार मिळाले, तर घराकडे ४४ हजार उरतात. चार वर्षांचे पावणेदोन लाख. हीच मुलगी काहीच न करता सरळ बँकेत गेली असती, तर साडेसात लाखांच्या कर्जाचा अर्ज हातात आला असता.

पुण्यात येणाऱ्यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आवर्जून बघावीत. १९५५ पासून ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींच्या अगदी माफक खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करते. काम करून शिकायची सवयही तिथे लागते.

पाचवी पायरी: घरातल्या माणसाच्या कामावरून मिळणारी मदत

वडील गवंडी आहेत, सेंट्रिंगचं काम करतात, आई साइटवर जाते? महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी जिवंत असेल, तर पहिल्या दोन पाल्यांना वैद्यकीय पदवीसाठी दरवर्षी १ लाख रुपये आणि इतर पदवीसाठी २० हजार रुपये शैक्षणिक साहाय्य मिळतं. नर्सिंग किंवा फार्मसी यातल्या कोणत्या गटात धरतात, ते जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारून मगच अर्ज करा. मात्र नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण पाहिजे, आणि त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं ठेकेदाराचं किंवा ग्रामसेवकाचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी बंद पडलेली घरं बघवत नाहीत, कारण हा हक्काचा पैसा आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या माजी सैनिकांच्या घरांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना: मुलींना महिना ३ हजार, मुलांना २,५०० रुपये. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, नर्सिंग, फार्मसी सगळं त्यात बसतं. बारावीला ६० टक्के लागतात. अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो, हे लक्षात ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सगळी मदत करतात, आणि तिथली माणसं सहसा चांगली वागतात.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे एएफएमसीचा मार्ग वेगळाच आहे. तिथे एमबीबीएसला फी नाही, पण लष्करी सेवेचा करार आहे. लष्कराच्या नर्सिंग महाविद्यालयांत अविवाहित मुलींना नीटच्या गुणांवरून बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतो. राहणं-जेवण मोफत, वर विद्यावेतन, आणि नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारीपद. ज्या घराला खर्च अजिबात झेपत नाही आणि मुलगी काटक आहे, तिथे मी हा पर्याय सगळ्यात आधी सांगतो.

खासगी मदतीत लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना नर्सिंग आणि फार्मसीसाठीही शिष्यवृत्ती देतं; पुणे, अमरावती, वर्धा, नागपूर या भागांतल्या मुलींनी त्यांची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवावं. मुलाखत होते, घरी भेटही होऊ शकते. गोव्यातल्या विद्यार्थ्यांना गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. ती हातात असताना बँकेकडे वळू नये.

काही हॉस्पिटलं “फी आम्ही भरतो, नंतर तीन वर्षं आमच्याकडे काम कर” असं सांगतात. वाईटच असतं असं नाही. पण करारात पगार लिहिलाय का, मध्ये सोडल्यास किती भरावे लागतील आणि मूळ कागदपत्रं कोणाकडे राहणार, या तीन ओळी वाचल्याशिवाय सही करू नका. पगाराचा आकडा लिहिलेला नसेल, तर उठून यावं.

सहावी पायरी: मधल्या महिन्यांची तजवीज

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालय म्हणतं, “पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.” पात्र विद्यार्थ्याकडून शासन भरणार असलेली रक्कम आधी वसूल करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी मागणी होतेच. भांडण्यापेक्षा लेखी अर्ज द्या: ‘मी अमुक योजनेस पात्र आहे, प्रवर्गाची व उत्पन्नाची प्रमाणपत्रं सोबत जोडली आहेत, माझ्या वाट्याची रक्कम भरण्यास तयार आहे.’ एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. नुसत्या तोंडी विनंतीपेक्षा पोचेचा शिक्का असलेला कागद दहापट काम करतो. तरीही अडले तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे किंवा वैद्यकीय शिक्षण संचालनालयाकडे तक्रार करता येते.

स्वाधार, आधार यांचे हप्तेही उशिरा येतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचं खाणं-राहणं घरातून निघेल एवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. सोनं गहाण ठेवून बँकेतून घेतलेलं कर्ज इथे परवडतं. गावातल्या सावकाराचं महिना तीन टक्के परवडत नाही, ते वर्षाला छत्तीस टक्के होतं.

सातवी पायरी: उरलेल्या रकमेपुरतं कर्ज

इथवर आल्यावर जो आकडा उरतो, तेवढंच कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतही तारण मागत नाहीत; पालक सहकर्जदार असतात आणि कर्जाला सरकारी हमी निधीचं संरक्षण असतं. त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव तारण लागते. फीबरोबर वसतिगृह, मेस, पुस्तकं, गणवेश, उपकरणं, लॅपटॉप हेही कर्जात बसतं, म्हणून अंदाजपत्रकात ते लिहून घ्या.

परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. एमबीबीएस, बीएएमएसवाल्यांनी मंजुरीपत्रात अभ्यासक्रमाचा कालावधी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लिहिलाय ना, ते बघावं. साडेचार लिहिला असेल, तर हप्ता वर्षभर आधीच दारात येतो.

व्याजाचं गणित मात्र शांतपणे बसून करा. समजा चार वर्षं दरसाल १ लाख उचलले, दर १० टक्के. शिक्षणाच्या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २० हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज चार नव्हे, ५ लाख ४० हजार असतं आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिना ७,१५० च्या आसपास हप्ता बसतो. शिकत असताना फक्त व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना साडेआठशेच्या आत, चौथ्या वर्षी तेहतीसशे, तर हप्ता ५,३०० च्या आत राहतो. शिवाय असं व्याज भरणाऱ्यांना कित्येक बँका दरात एक टक्का सवलत देतात.

पण कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर हे १ लाख ४० हजार केंद्र सरकार भरू शकतं. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं, शिक्षण आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज तीत माफ होतं. अटी नीट वाचा. कर्ज अनुसूचित बँकेचं आणि आदर्श योजनेखालीच हवं. पतसंस्था किंवा फायनान्स कंपनीचं चालत नाही. संस्था नॅक किंवा एनबीए (शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणा) मानांकित हवी, आणि जी व्यावसायिक महाविद्यालयं त्या कक्षेत येत नाहीत त्यांना आपापल्या परिषदेची मान्यता हवी. नर्सिंग कॉलेजला नॅक नाही म्हणून शाखेत ‘बसत नाही’ असं उत्तर मिळालं, तर हीच अट दाखवा. अनुदानाचा दावा बँक कॅनरा बँकेच्या माध्यमातून करते, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्न दाखला मंजुरीच्या वेळीच शाखेत द्या आणि दरवर्षी खात्यात व्याज जमा झालं का, ते विचारा. शाखेकडून दावा करायचा राहून जातो आणि घरच्यांना ते पाच वर्षांनी कळतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती (सुरुवातीला ८६०) आहे. तिथे तारण-जामीन नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही सवलत नाही. तुमची संस्था यादीत असेल, तर दोन्हींची बेरीज करून जी भारी ती निवडा. शिक्षण शुल्क पूर्ण माफ होत असेल, तर बहुतेक वेळा शिष्यवृत्तीच भारी ठरते.

ओबीसी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे: देशातल्या शिक्षणाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं. व्याज आधी तुम्ही भरायचं आणि मग परत मिळवायचं, म्हणून हप्ता थकवून चालत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनी मौलाना आझाद महामंडळ आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी महात्मा फुले महामंडळ यांच्याकडे कमी व्याजाच्या कर्जाची चौकशी करावी.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. तिथे बँक निवडता येते आणि अर्ज केल्याची नोंद राहते, जी शाखेत तोंडी विचारण्यात राहत नाही. शाखाधिकारी “कोटा संपला” किंवा “तुमचं गाव आमच्याकडे येत नाही” म्हणाला, तर नम्रपणे लेखी कारण मागा. आदर्श योजनेप्रमाणे अर्जाचा निकाल पंधरा दिवस ते महिन्याभरात लागला पाहिजे, आणि नकार द्यायचा तर शाखेला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. पुढचा टप्पा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे व्यवस्थापक, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. वडिलांचं पीककर्ज थकीत असेल, तर मात्र आधी ते मार्गी लावा. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब असताना वाद घालून उपयोग होत नाही. नोकरदार मामा किंवा काका सहकर्जदार म्हणून चालतात का, ते विचारा.

शिक्षण संपताना

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस करणाऱ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा (बाँड) आहे. ती टाळली तर दंड १० लाखांचा. हा आकडा पहिल्याच वर्षी कर्जाच्या वहीत लिहून ठेवा, कारण इंटर्नशिपनंतर लगेच पदव्युत्तरच्या तयारीला बसायचं की आधी बाँड पुरा करायचा, हा निर्णय यावरच अवलंबून असतो. पदव्युत्तरला प्रवेश मिळालाच, तर बँकेला पत्र देऊन हप्ता पुढे ढकलून घ्या. न सांगता थांबवला तर खातं थकीत होतं.

हप्ते सुरू झाल्यावर आयकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) पूर्ण व्याज वजावटीस मिळतं, आठ वर्षांपर्यंत. मात्र जुनी करप्रणाली निवडली तरच, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे व जो ते फेडतो, त्यालाच. पहिल्या नोकरीच्या पगारावर कोणती प्रणाली भारी पडते, ते त्या वर्षीचे दर बघून ठरवा. सुरुवातीच्या नर्सिंगच्या पगाराला बहुधा कर लागतच नाही, त्यामुळे सहकर्जदार वडील नोकरीत असतील, तर व्याज त्यांच्या खात्यातून भरलेलं बरं.

कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत पत्र आणि तारणाचे मूळ कागद घ्या, आणि दोन महिन्यांनी सिबिलमध्ये खातं ‘बंद’ दिसतंय का, ते तपासा.